जुन्या आलिशान गाडीचा निळा धूर आणि पुन्हा पुन्हा होणारी ऑइल-गळती : इंजिन उघडण्यापूर्वीची तपासणी

बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी गाड्या नागपुरात आता बऱ्याच दिसतात. काही येथल्याच पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आलेल्या असतात. काही मात्र दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यानंतर ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन राष्ट्रीय महामार्ग ४४ ने इकडे उतरलेल्या असतात. गाडीची किंमत उतरलेली असली, तरी सुट्या भागांची उतरलेली नसते. या मालकांकडून एकच तक्रार सतत ऐकू येते : सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता आणि ऑइल कमी होत होते, म्हणून टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग बदलले, काही महिने बरे गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गळती, तोच धूर परत आला. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर ‘रिंग-पिस्टन गेले, इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगितले जाते आणि खर्चाचा अंदाज लाखांत जातो.

रिंग-पिस्टन, म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या आणि त्याच्याभोवतीच्या कड्या, खरोखरच गेलेले असू शकतात. परंतु तो निष्कर्ष तपासणीच्या शेवटी यायला हवा आणि प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा सुरुवातीलाच सांगितला जातो, हा माझा मुख्य आक्षेप आहे. धूर कोणत्या रंगाचा आहे हे सगळेच पाहतात. तो नेमका कोणत्या क्षणी येतो हे फार थोडे लोक पाहतात, आणि निदान बव्हंशी त्या क्षणातच दडलेले असते. तसेच, बदललेले पॅकिंग पुन्हा गळू लागले, तर दोष पॅकिंगमध्ये असण्यापेक्षा इंजिनाच्या पोटातील, म्हणजे क्रँककेसमधील, वाढलेल्या दाबात असण्याची शक्यता अधिक असते. तो दाब कोणी मोजलाच नाही, तर कितीही पॅकिंग बदलली तरी गळती परत येणारच.

आधी ऑइल किती जाते ते मोजावे

‘ऑइल खाते’ या तक्रारीला आकडा नसेल, तर पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते. गाडी समतल जागी उभी करावी, इंजिन गरम झालेले असावे, बंद केल्यावर किमान पाच मिनिटे थांबून ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरू द्यावे आणि मगच डिपस्टिक पाहावी. पातळी आणि किलोमीटर दोन्ही वहीत लिहावेत. पातळी उतरली की एकदम लिटरभर न ओतता पाव लिटर ओतून पुन्हा मोजावे, कारण खालच्या आणि वरच्या खुणेतील अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटर असले, तरी काहींत ते दोन लिटरच्या जवळ जाते. अनेक बीएमडब्ल्यू आणि काही मर्सिडीज इंजिनांना डिपस्टिकच नसते. तेथे डॅशबोर्डवरील मोजणी इंजिन पुरेसे तापल्यावर आणि माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीतच करावी. केवळ दिवा लागला म्हणून ऑइल भरत राहिल्यास पातळी प्रमाणाबाहेर जाते, क्रँकशाफ्ट ऑइल घुसळू लागतो, त्याचा फेस होतो आणि ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वायू बाहेर काढणाऱ्या वाटेने, ते इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या मार्गात) ओढले जाऊन धूर सुरू होतो. जादा भरलेले ऑइल हे धुराचे एक स्वतंत्र आणि सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे.

किती वापर सामान्य मानावा? फोक्सवॅगन समूहाच्या अनेक माहितीपुस्तिकांत दर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर मर्यादेत धरलेला आहे आणि मर्सिडीजच्या पुस्तिकांत हीच मर्यादा ०.८ लिटरपर्यंत जाते. हे आकडे मला फार सैल वाटतात. हजार किलोमीटरला पाव लिटरपेक्षा अधिक ऑइल जाऊ लागले की कारण शोधायला घ्यावे, असे माझे मत आहे. शहरातील वापर आणि महामार्गावरील वापर वेगवेगळा नोंदवावा. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने गेल्यावर ऑइल झपाट्याने उतरत असेल आणि शहरात फारसे उतरत नसेल, तर संशय रिंग, ब्रीदर किंवा टर्बोकडे (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जातो. उलट सिग्नलवर रेंगाळणाऱ्या शहरी वापरात अधिक जात असेल, तर वॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सीलकडे.

डिझेल गाडीत पातळी कमी होण्याऐवजी वाढताना दिसली, तर ती अधिक गंभीर गोष्ट आहे. धूरकण गाळणारा फिल्टर असलेल्या गाड्या सतत जवळच्या जवळ फिरवल्या, की फिल्टर जाळून साफ करण्याची प्रक्रिया अर्धवट राहते आणि त्यासाठी फवारलेले जादा डिझेल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरते. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, आणि पातळी फार वाढल्यास इंजिन ब्रीदरवाटे आलेल्या त्या मिश्रणावरच आपोआप भरधाव फिरू लागण्याचा धोका असतो. अशा गाडीचे ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय ती चालवू नये.

रंग थोडक्यात, वेळ सविस्तर

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे किमान तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जाते, तेव्हा सकाळी सायलेन्सरमधून दिसणारी पांढरी वाफ पाच-दहा मिनिटांत नाहीशी होत असेल, तर ती निव्वळ बाष्प होय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कुलंट कमी होत गेले, तर हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग), त्याचे पॅकिंग किंवा त्याला गेलेली चीर तपासावी लागते. त्यासाठी कुलंटच्या टाकीवर लावून वायू तपासण्याचे निळे रसायन मिळते, जे ज्वलनाचा वायू आल्यास पिवळे पडते. काळा धूर हा इंधन-हवेच्या प्रमाणाचा प्रश्न आहे. धुळीने भरलेला एअर फिल्टर, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) फाटलेला पाइप, काजळीने अडकलेला ईजीआर वॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा आत सोडणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर ही त्याची नेहमीची कारणे असून ऑइलशी त्याचा संबंध नसतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, एवढे निश्चित. ते कोणत्या वाटेने आत जाते हे ठरवण्यासाठी पुढील निरीक्षण करावे आणि त्यासाठी मागे उभे राहून पाहणारा दुसरा माणूस हवा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी पहिल्याच स्टार्टला निळा लोट येऊन अर्ध्या-एक मिनिटात धूर थांबला, तर वॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाले आहेत आणि रात्रभर ऑइल थेंबाथेंबाने खाली उतरले आहे, असे समजावे. याच शंकेची दुसरी परीक्षा अशी : गरम इंजिन मोकळ्या जागेत दहा मिनिटे आयडलवर ठेवावे आणि मग एकदम रेस द्यावी. आयडलवर असताना स्वच्छ असलेला सायलेन्सर रेस देताच मोठा निळा ढग सोडून पुन्हा स्वच्छ झाला, तर वॉल्व्ह सीलचा संशय बळावतो. ही परीक्षा बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

तिसरी परीक्षा उताराची. नागपूर सपाटीवर वसलेले असल्याने त्यासाठी थोडे बाहेर जावे लागते. रामटेकच्या गडावरून उतरणारा रस्ता या कामी सोयीचा आहे. खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरावे आणि पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा. पाय काढलेला असताना इनटेकमधील निर्वात सर्वाधिक असतो आणि तो सैल झालेल्या वॉल्व्ह सीलमधून आणि वॉल्व्हची दांडी धरणाऱ्या गाइडमधून ऑइल ओढून घेतो, ते पुन्हा ॲक्सिलरेटर देताच जळते. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : काजळीने खाचेत चिकटलेल्या ऑइल रिंगांमुळेही याच प्रसंगी धूर येऊ शकतो, म्हणून केवळ या परीक्षेवर हेड उघडू नये.

याउलट, भार वाढेल तसा धूर वाढत गेला, चढावर आणि ओव्हरटेक करताना तो अखंड राहिला आणि पिकअपही मंदावला, तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याची लक्षणे आहेत. टर्बो असलेल्या गाडीत असे दिसल्यास आधी टर्बोचे पाइप सोडून पाहावेत. ब्रीदरमुळे पाइपात ऑइलचा हलका ओलावा असणे स्वाभाविक आहे, परंतु इंटरकूलरमध्ये ऑइल साठलेले आढळले आणि टर्बोच्या शाफ्टमध्ये खेळ जाणवला, तर टर्बोचा दोष उघड आहे. टर्बोतून चेंबरमध्ये ऑइल परत नेणारी नळी तुंबली असली, तरी चांगला टर्बोही ऑइल ओकतो. म्हणून टर्बो बदलण्यापूर्वी ती नळी साफ झालीच पाहिजे.

ब्रीदर : ज्याच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते

पिस्टनच्या रिंगांवरून थोडा ज्वलनवायू खाली क्रँककेसमध्ये येतच असतो. नव्या इंजिनातही येतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून ब्रीदरची व्यवस्था केलेली असते. ती हा वायू ओढून, त्यातील ऑइलचे कण वेगळे करून, उरलेला वायू पुन्हा इनटेकमध्ये जाळायला पाठवते. जुन्या ट्रक-जीपमध्ये ही एक साधी नळी असे. आलिशान गाड्यांत तिच्या जागी प्लॅस्टिकचा विभाजक, त्यात पातळ रबरी पडदा आणि तीन-चार नळ्या आल्या, आणि यांतील प्रत्येक भाग उष्णतेने ठिसूळ होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, नवतपात वर्धा रोडवरील गर्दीत एसी चालू ठेवून गाडी उभी असते, तेव्हा बॉनेटखाली या रबर-प्लॅस्टिकवर काय बेतते याची कल्पना करता येते. किलोमीटर कमी आहेत म्हणून हे भाग चांगलेच असतील, असे मुळीच मानू नये. ते वयाने आणि तापाने मरतात.

हिवाळ्यात वेगळाच त्रास होतो. धरमपेठ ते सीताबर्डी एवढ्याच फेऱ्या करणारी गाडी पूर्ण तापत नाही, आत जमलेले बाष्प ऑइलमध्ये मिसळते आणि मलईसारखा पिवळट थर ऑइलच्या झाकणाखाली आणि ब्रीदरच्या नळ्यांत साठतो. तो थर पाहून लगेच हेड पॅकिंग गेल्याचे ठरवू नये. कुलंटची पातळी स्थिर असेल आणि तासभर महामार्गावर चालवल्यावर थर नाहीसा झाला, तर ते केवळ बाष्प होते; पण त्याच थराने ब्रीदरची नळी तुंबली असेल, तर ती साफ करावी किंवा बदलावी लागते.

ब्रीदर दोन तऱ्हांनी बिघडतो आणि दोन्हींची लक्षणे परस्परविरुद्ध आहेत. तो तुंबला, तर क्रँककेसमधील दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमजोर सांध्यातून बाहेर ढकलले जाते : आधी टॅपेट कव्हर, मग फिल्टर हाउसिंग, मग क्रँकचे पुढचे-मागचे सील. एका ठिकाणी नवे पॅकिंग बसले, की ऑइल पुढचा कमजोर सांधा शोधते, आणि मालकाला वाटते की इंजिनच सर्वांगाने खचले. दुसऱ्या तऱ्हेत पडदा फाटतो. मग इनटेकचा निर्वात थेट क्रँककेसला लागतो, ऑइलचे कण गाळले न जाता आत ओढले जातात, निळा धूर येतो, इंजिनातून शिटीसारखा आवाज येतो, आयडल डळमळते आणि स्कॅनरवर हवा जास्त व इंधन कमी असल्याचे दोष उमटतात.

घरच्या घरी पाहण्याची पद्धत सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचे झाकण सावकाश काढावे. हलकी ओढ जाणवणे आणि आयडलमध्ये थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे. झाकण उचलायलाच जोर लागत असेल आणि उघडताच इंजिन अडखळत असेल, तर पडदा फाटल्याची शक्यता मोठी. झाकण उघडताच आतून धपधप वाफारा आणि ऑइलचे शिंतोडे आले, तर एक तर ब्रीदर तुंबला आहे किंवा रिंगांवरून प्रमाणाबाहेर वायू येत आहे. झाकणाच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला, की हेच अधिक स्पष्ट होते : तो आत किंचित ओढला जायला हवा, फुगायला नको. अचूक आकडा हवा असल्यास गॅरेजमध्ये मॅनोमीटर लावून दाब मोजता येतो आणि कंपनीच्या मापाशी ताडता येतो. नवा ब्रीदर बसवल्यावरही हातमोजा फुगत राहिला, तरच रिंगांची चर्चा सुरू करावी. पॅकिंगचे काम त्यानंतर करावे, आधी नाही.

काही इंजिनांच्या उणिवा आता सर्वश्रुत आहेत आणि त्या माहीत असल्याने बराच खर्च वाचतो. बीएमडब्ल्यूच्या एम ५४ या सहा सिलिंडरच्या इंजिनात ब्रीदर हाच पहिला संशयित असतो. त्याच कंपनीच्या एन ६२ या व्ही-आठ इंजिनात वॉल्व्ह सील कडक होऊन आयडलनंतर धुराचा ढग येतो. मर्सिडीजच्या एम ११२ आणि एम ११३ इंजिनांत टॅपेट कव्हरवरील ब्रीदरची छोटी झाकणे गळतात आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. अशा वेळी सिग्नलवर केबिनमध्ये जळका वास येतो, बॉनेटखालून धूर दिसतो, पण सायलेन्सर स्वच्छ असतो. मर्सिडीजच्याच ओएम ६४२ या व्ही-सहा डिझेलमध्ये दोन्ही बाजूंच्या मधल्या खाचेत बसवलेल्या ऑइल कूलरचे सील कडक होतात, ऑइल मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकते आणि क्रँकचे मागचे सील गेले असे चुकीचे निदान होते. ऑडी-फोक्सवॅगनच्या ईए ८८८ इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत ऑइल रिंगांच्या रचनेचाच प्रश्न होता. तेथे काजळी धरलेल्या रिंगांमुळे ऑइल जाते आणि सुधारित पिस्टन बसवणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

मोजमापाची तपासणी

ब्रीदर निर्दोष आहे, बाहेर गळती नाही आणि तरीही ऑइल जात आहे, अशी खात्री झाल्यावर स्पार्क प्लग काढावेत आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा याची खूण करावी. प्लगच्या वरच्या भागावर आणि कॉइलला ऑइल लागलेले असेल, तर ते टॅपेट कव्हरमधील प्लगच्या विहिरीच्या सीलमधून आलेले असते आणि ज्वलनाशी त्याचा संबंध नसतो. इलेक्ट्रोडच्या टोकावर ऑइलची ओल किंवा राखेची खडबडीत पुटे असतील, तरच ऑइल आत जळत आहे. या दोहोंची गल्लत करून निरोगी इंजिने उघडली गेली आहेत, म्हणून मालकाने प्लग स्वतः पाहावेत.

त्यानंतर काम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावर तयार होणारा दाब, मोजावे. सर्व प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली आणि इंधनपुरवठा बंद, या स्थितीतच आकडे विश्वसनीय असतात. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल, तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे; आकडा लक्षणीय वाढला तर रिंग किंवा बोअर, न वाढल्यास वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. त्याहून चांगली पद्धत म्हणजे पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडणे आणि ती कुठून निसटते ते ऐकणे : ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कुलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. मात्र काम्प्रेशन उत्तम असूनही ऑइल जाऊ शकते, कारण काम्प्रेशन धरणाऱ्या रिंग वेगळ्या आणि ऑइल खरवडणाऱ्या रिंग वेगळ्या असतात. प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा आणि बोअरच्या भिंती पाहिल्या, की बोअरवर ओरखडे आहेत का हेही कळते.

दोष वॉल्व्ह सीलचाच निघाला, तर अनेक इंजिनांत हेड न उतरवता ते बदलता येतात. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून वॉल्व्ह जागेवर धरून ठेवले जातात. म्हणून ‘हेड उतरवावेच लागेल’ हे ऐकल्यावर त्या विशिष्ट इंजिनाबद्दल दुसऱ्या जाणकाराला जरूर विचारावे.

दोन उपाय मात्र निक्षून टाळावेत. धूर दाबण्यासाठी २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल ओतणे हा पहिला. धूर काही दिवस कमी झाल्यासारखा दिसतो, पण या इंजिनांतील हायड्रॉलिक टॅपेट, टायमिंग चेनचे टेन्शनर आणि वॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा बारीक वाटांतून वाहणाऱ्या ऑइलवर चालते, आणि थंड इंजिनात जाड ऑइल तेथवर उशिरा पोहोचते. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी थोडा दाटपणा हवाच असेल, तर कंपनीने मान्य केलेल्या यादीतीलच ५डब्ल्यू-४० निवडावे. धूरकण-फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत ते कमी राखेचेच असावे. दुसरा टाळण्याचा उपाय म्हणजे आलिशान गाडीचा ब्लॉक नेहमीच्या बोअरिंगला पाठवणे. आपल्याकडचे लेथ-कारागीर ट्रक-ट्रॅक्टरच्या बिडाच्या ब्लॉकवर उत्तम काम करतात, परंतु एन ६२ किंवा ऑडीच्या ४.२ लिटर व्ही-आठसारख्या इंजिनांत बोअरला लोखंडी लायनर नसतो. ॲल्युमिनियममध्येच सिलिकॉनचे कठीण कण उघडे करून ती भिंत तयार केलेली असते. नेहमीच्या पद्धतीने घासल्यास ते कण उखडतात आणि ब्लॉक निकामी होतो.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस थोडा निळा धूर दिसला, तर घाबरू नये. इनटेक आणि सायलेन्सरमध्ये साठलेले ऑइल जळून जायला वेळ लागतो. इंटरकूलर आणि पाइप आधीच धुऊन घेतले असतील, तर हा काळ कमी होतो. नवी नोंदवही पुन्हा शून्यापासून सुरू करावी आणि निदान हजार किलोमीटर चालवल्यावरच निर्णय द्यावा. स्कॅनरवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा दोष दिसत असल्यास तो भाग या हजार किलोमीटरच्या आत बदलू नये, कारण ऑइलमधील फॉस्फरस जळून त्याच्यावर थर धरतो, आणि ऑइल जळणे थांबल्याची खात्री नसताना बसवलेला नवा महागडा कन्व्हर्टरही त्याच मार्गाने खराब होतो. पीयूसी मिळाले आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. पेट्रोल गाडीची ती चाचणी इंजिन गरम आणि स्थिर असताना होते, आणि केवळ पहिल्या स्टार्टला किंवा उतारानंतर येणारा धूर तिच्या नजरेला पडतच नाही.